अर्धचंद्र गेला आणि ॲसेचं असे झालं

"लॉटमधील पाण्याचे प्रमाण प्रमाणपत्रावर पाहावे. असे ९९.० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वजनात दुरुस्ती करावी."

ही दोन वाक्यं वाचा आणि काही खटकतंय का बघा. मला नाही खटकलं. मी तीनदा वाचली, प्रूफ म्हणून वाचली, पैसे घेऊन वाचली, आणि खाली सही करून मोकळी झाले. ज्याला खटकलं तो बारावी झालेला बोईसर साइडचा एक मुलगा, कामावर लागून जेमतेम दोन महिने झालेला, आणि त्याने ट्रेनिंगमध्ये हात वर करून विचारलं की सर, पाणी ९९ टक्क्यांपेक्षा कमीच असणार ना, पावडर आहे ती, नळ नाहीये.

तर हे प्रकरण काय झालं ते सगळं लिहून काढतेय, कारण त्यात एका शब्दामागे माझे सव्वा महिना गेले आणि वाटेत बरंच काही कळलं जे आधी कळायला हवं होतं.

मी गिरगावात राहते, ठाकूरद्वारला, भाषांतराची कामं करते. बँकेचे फॉर्म, मशीनची मॅन्युअलं, कधी इन्शुरन्स. गेल्या वर्षी एका औषध कंपनीचं काम आलं. ऑफिस अंधेरीला, फॅक्टरी पालघर जिल्ह्यात, नाव सांगत नाही. काम म्हणजे डिस्पेन्सिंगच्या ऑपरेटर लोकांसाठी चाळीस पानांची मराठी पुस्तिका. डिस्पेन्सिंग म्हणजे गोळ्या बनवायच्या आधी प्रत्येक पावडर गोदामातून काढून बॅचपुरती तोलून द्यायची, किराणा दुकानात यादी बघून पुड्या बांधतात तसं, फक्त इथे पुडी पन्नास किलोची असते आणि प्रत्येक वजनाला दोन सह्या.

इंग्रजी पुस्तिकेत एक शब्द सारखा येत होता, ॲसे (assay), म्हणजे मालात खरं औषध किती भरतं तो आकडा, पण हे मला बरंच नंतर कळलं. कंपनीतले सगळे मराठी बोलतानाही तोच शब्द वापरतात. "ॲसे किती आला?" "ह्या लॉटचा ॲसे अठ्ठ्याण्णव आलाय." मग मी पण शहाणपण न करता ॲसेच ठेवला, मराठीत लिहिला. इथपर्यंत बरोबर होतं.

घोळ पुढे झाला. माझी फाईल युनिकोडमध्ये होती, आणि छपाई करणाऱ्याकडे अजून ते जुनं फॉन्टचं सॉफ्टवेअर, ज्यात मजकूर कन्व्हर्टर मारून घालावा लागतो. आता हे ॲ अक्षर, म्हणजे अ-वर अर्धचंद्र, हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आलं २००८ मध्ये. त्या आधीच्या बऱ्याच फॉन्टांत त्याला वेगळी जागा नसायची, लोक अ काढून वर चंद्र चिकटवायचे. कन्व्हर्टरला हे अक्षर ओळखता आलं नाही आणि त्याने ॲच्या जागी साधा अ ठेवला. थोडक्यात अर्धचंद्रालाच अर्धचंद्र मिळाला. आणि चाळीस पानांत अकरा ठिकाणी ॲसेचं "असे" झालं.

दुसरा कुठला शब्द असता तर पकडला गेला असता. "टायट्रेशन"चं "टयट्रशन" झालं असतं तर शेंबडं पोर पण बोट ठेवेल. पण "असे" हा मराठीतला इतका साधा शब्द आहे की डोळा त्याच्यावर थांबतच नाही, स्पेलचेक तर नाहीच नाही, आणि ग्रांथिक मराठीत दर दोन ओळींनी एक असे असतोच. वाक्य मस्त वाचता येत होतं, फक्त अर्थ भलताच. "असे ९९ पेक्षा कमी असल्यास", म्हणजे आधीच्या वाक्यात जे पाण्याचं आलंय ते. पावडरमधलं पाणी कायमच ९९ पेक्षा कमी, म्हणजे दुरुस्ती कायमच करायची. आणि दुरुस्ती कशी करायची ते खाली चौकटीत होतं:

घ्यायचे वजन = लागणारे वजन × १०० ÷ असे

भागिले असे! मी फोनवर हे ऐकलं तेव्हा आधी हसले आणि मग पोटात गोळा आला.

नुकसान काही झालं नाही हे आधीच सांगते. ट्रेनिंगमध्येच सापडलं, आणि तसंही प्रत्यक्ष बॅचला आकडा क्यूए, म्हणजे गुणवत्ता बघणारं खातं, काढून देतं, ऑपरेटर फक्त पडताळतो. पण पुस्तिकेचा हेतूच तो होता ना, की पडताळणाऱ्याला आपण काय पडताळतोय ते कळावं.

कंपनीच्या क्यूए मॅडमनी बोलावून घेतलं. मला वाटलं शिव्या बसणार, पण बाई शांत होत्या, म्हणाल्या की ताई, चंद्र परत लावणं दोन मिनिटांचं काम आहे, पण आता विषय निघालाच आहे तर मला हे सांगा की चंद्र लावल्यावर तरी ह्या पोरांना काय कळणार होतं. ॲसे म्हणजे काय हे पुस्तिकेत कुठे लिहिलंय? मी पानं उलटली. कुठेच नव्हतं. इंग्रजी मूळात पण नव्हतं, लिहिणाऱ्याला वाटलं असणार की हे काय सांगायचं, आणि मला वाटलं की मूळात नाही तर मी का घालू.

मग मी ते प्रमाणपत्र पहिल्यांदा नीट बघितलं. कच्च्या मालाच्या प्रत्येक लॉटसोबत येतं ते, सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस. एक कागद, त्यात दहा-बारा ओळी. पावडर दिसते कशी, पांढरी की पिवळसर. मग ओळख, म्हणजे हे तेच औषध आहे ना जे डब्यावर लिहिलंय. पाणी किती. नको असलेली इतर द्रव्यं किती. आणि जवळजवळ नेहमी शेवटी-शेवटी, ॲसे. म्हणजे पूर्ण कागद झाला ॲनालिसिस, कागदावरची प्रत्येक ओळ झाली टेस्ट, आणि त्यातली एक खास ओळ झाली ॲसे. मी आजवर तिन्हींना मनातल्या मनात "चाचणी" म्हणत आले होते.

ही खास ओळ काय विचारते? ती विचारते की ह्या मालात खरी वस्तू किती आहे. आहे का नाही हे ओळखीच्या टेस्टने आधीच विचारून झालंय. घाण किती हे दुसऱ्या ओळीने विचारलंय. ॲसे म्हणतो ते सगळं बाजूला ठेवा, ज्याच्यासाठी पैसे मोजले ते किती भरलं ते सांगा. ऑपरेटरच्या कामाशी थेट संबंध ह्या एकाच ओळीचा आहे. समजा बॅचला ५० किलो औषध लागतंय आणि आलेल्या लॉटचा ॲसे ९८ टक्के आहे, तर पन्नास किलो पावडर घेतली तर खरं औषध गेलं एकोणपन्नास किलो. म्हणून ५० गुणिले १०० भागिले ९८, म्हणजे ५१.०२ किलो घ्यायची. एवढंच आहे ते सूत्र. पोरगं आठवीच्या शेकडेवारीत हे शिकलेलं असतं, त्याला फक्त ९८ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे.

आता शब्द शोधायला बसले.

"चाचणी" पहिल्याच फेरीत बाद. "चाचणी : ९८ टक्के" असं वाचलं की आपल्याला वाटतं पेपरात अठ्ठ्याण्णव मार्क मिळाले, वा. त्या मुलाने पण नंतर तेच सांगितलं, त्याला पहिल्या दिवशी वाटलेलं की ९८ म्हणजे माल चांगला आहे, दुरुस्ती कसली करायची. "विश्लेषण" म्हणजे तर टीव्हीवर निवडणुकीच्या रात्री चार माणसं बसून करतात ते.

"शुद्धता" मला स्वतःला आवडला होता आणि मी तो जवळजवळ फायनल करून टाकला होता. क्यूए मॅडमनी एका उदाहरणात उडवला. अमॉक्सिसिलिन घ्या, म्हणाल्या, कॅप्सूलमध्ये जे भरतात ते अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट असतं, म्हणजे प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे तीन रेणू बांधलेले. एकदम शुद्ध ट्रायहायड्रेट घेतलं, कणभर भेसळ नाही, तरी त्यात अमॉक्सिसिलिन भरतं साधारण ८७ टक्के, बाकीचं ते पाणी. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये म्हणून पावडर साधारण ५७४ मिलिग्रॅम जाते. आता ह्याला शुद्धता ८७ टक्के म्हणाल का? पुरवठादार भांडायला येईल. आणि उलट बाजूने बघा, तयार गोळीचा पण ॲसे काढतात, तिथे तो लेबलवर लिहिलंय त्याच्या किती टक्के भरलं असा असतो, आणि बऱ्याच गोळ्यांना मर्यादा ९५ ते १०५ असते. म्हणजे ५०० ची गोळी ४७५ पासून ५२५ पर्यंत चालते. मग एखाद्या बॅचचा ॲसे १०१.२ आला तर शुद्धता १०१.२ टक्के? शंभर टक्क्याच्या वर शुद्ध काय असतं, गंगाजल?

मी गप्प.

मग म्हटलं आपले विद्वान लोक काय म्हणतात बघू. शास्त्रीय शब्दावल्यांमध्ये ॲसेला "आमापन" आहे, आणि बायोॲसे, म्हणजे सजीवांवर प्रयोग करून काढलेला ॲसे, त्याला जैव आमापन. शब्द चुकीचा नाही, मापन आहे त्यात. पण मराठी माणसाच्या कानाला आमापन ऐकून पहिला आठवतो तो "अमाप". ज्याचं मापच नाही ते. नेमका उलटा अर्थ! आणि वर टायट्रेशनला, म्हणजे थेंबथेंब द्रावण घालून मोजायच्या रीतीला, आहे "अनुमापन". एकाच पानावर आमापन आणि अनुमापन, त्यातही बऱ्याच पदार्थांचं आमापन हे अनुमापनाने होतं. हे वाक्य मी लिहिलं आणि स्वतःच डोकं धरलं. ज्या फॉन्टने एक चंद्र खाल्ला तो इथे काय काय खाईल देव जाणे.

ह्या सगळ्यात एक संध्याकाळ आमच्या चाळीतल्या काकांकडे गेले, सहज. काका ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर झवेरी बाजारात एका पेढीवर होते, जुनं सोनं विकायला आलं की पारख करायला ह्यांनाच बोलवायचे. त्यांना विचारलं की काका, सोन्याचं टेस्टिंग करता त्याला तुम्ही काय म्हणायचात.

"टेस्टिंग कसलं गं? टंच."

"म्हणजे?"

"म्हणजे टंच. टंच काढून आण. टंच किती आला? ब्याण्णव आला. असं."

मी उडालेच. शब्द वेगळा पण वाक्य तेच! फॅक्टरीत "ॲसे किती आला, अठ्ठ्याण्णव आला", आणि मुंबादेवीच्या मागच्या गल्लीत "टंच किती आला, ब्याण्णव आला". झवेरी बाजारात आजही तुम्ही दागिना घेऊन फिरलात तर हाच शब्द ऐकू येतो, मराठी असो, गुजराती असो, मारवाडी असो, बंगाली कारागीर असो. आणि सरकारमान्य जागेच्या पाटीवर लिहिलेलं असतं ॲसेइंग अँड हॉलमार्किंग सेंटर. तोच ॲसे! इतकी वर्षं त्या पाट्यांखालून गेले, कधी डोक्यात नाही आलं की तो शब्द आणि औषधाच्या कागदावरचा शब्द एकच आहे.

काकांनी मग कपाटातून त्यांचा दगड काढला. कसोटी. काळाकुळकुळीत, हातात धरून धरून गुळगुळीत झालेला, साबणाच्या वडीएवढा. माझ्या हातातली आजीची पाटली घेऊन त्यावर एक रेघ ओढली, शेजारी एका काडीने दुसरी रेघ. त्यांच्याकडे अशा काड्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला माहीत असलेलं सोनं, एक बावीस कॅरेटचं, एक वीसचं, एक अठराचं. मग दोन्ही रेघांवर तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, थेंब. हलकं सोनं असेल तर रेघ फिकी पडते, पुसली जाते, चांगलं असेल तर टिकते. "ही जी रेघ ना, हा कस. कस लावला, कस बघितला. दगड ती कसोटी. आता तुम्ही क्रिकेटमध्ये कसोटी म्हणता."

म्हणजे कसोटी सामना खेळतो तो ह्या दगडावर. आणि "निकष" हा जो शब्द आपण प्रत्येक सरकारी योजनेच्या जाहिरातीत वाचतो, पात्रतेचे निकष, तो पण मुळात हाच दगड, संस्कृतात कष् म्हणजे घासणे. बावनकशी सोनं, कसलेला नट, कसाला उतरणं, सगळी एका पेढीवरची मंडळी. बोलताना आपण त्यांना रोज वापरतो आणि दगड कोणी बघितलेला नसतो.

काकांनी पाटलीचा अंदाज सांगितला, वीसच्या आसपास. मला खात्री करायची होती म्हणून मी ती हॉलमार्किंग सेंटरला पण नेली. (कोणीही नेऊ शकतं, ज्वेलरच पाहिजे असं नाही. चार दागिन्यांपर्यंत दोनशे रुपये असा दर २०२२ मध्ये ठरला, आणि घरी जुनं सोनं असेल तर खरंच एकदा करून घ्या.) तिथे आधी एक्स-रेच्या मशीनवर ठेवतात, मिनिटभरात आकडा येतो, ८३ पॉइंट काहीतरी. वीस कॅरेट म्हणजे हजारात ८३३, चोवीसातले वीस. काका दगडावर बरोबर होते!

पण तिथल्या मुलाने सांगितलं की मॅडम हे मशीन वरवरचं बघतं, पत्र्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, शेवटचा शब्द फायर ॲसेचा. त्यासाठी दागिन्यातून थोडं सोनं काढावं लागतं म्हणून मी ते नाही केलं, आजीची पाटली आहे, पण रीत समजून घेतली आणि ती मला फार आवडली. साधारण पाव ग्रॅम सोनं अगदी नेमकं तोलायचं. त्यात ठरावीक चांदी घालायची, शिशाच्या पातळ पत्र्यात पुडी बांधायची, आणि हाडाच्या राखेची किंवा मॅग्नेशियाची जी छोटी वाटी असते तिच्यात ठेवून हजार अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत. शिसं वितळतं, हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तांबं, जस्त जे काही हलकं मिसळलेलं असेल त्याला सोबत घेऊन वाटीच्या अंगात जिरून जातं. वर राहतो सोन्याचांदीचा मणी. मणी ठोकून पट्टी करायची, पट्टीची गुंडाळी, गुंडाळी नायट्रिक ॲसिडमध्ये. चांदी विरघळते. उरतं ते फक्त सोनं. ते परत तोलायचं.

आधीचं वजन, नंतरचं वजन, झाला ॲसे. इतक्या भट्ट्या आणि तेजाब आणि शेवटी तराजूच. शब्दाचं मूळ पण तेच सांगतं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलाय, आणि त्याच्यामागे लॅटिन शब्द आहे एक्झॅजियम, त्याचा अर्थ तोलणं. इंग्रजीत निबंधाला एसे म्हणतात तो आणि हा ॲसे सख्खे भाऊ, एकाने विचार तोलायला घेतले आणि एकाने धातू.

थोडं विषयांतर. फोर्टात एशियाटिक लायब्ररीच्या शेजारी आपली टांकसाळ आहे, जिच्या नाण्यांवर सालाखाली बारीक हिऱ्याची खूण असते, खिशातलं नाणं काढून बघा. अशा प्रत्येक टांकसाळीत ब्रिटिशांच्या काळी एक माणूस असायचा ॲसे मास्टर, आलेल्या चांदीसोन्याचा कस काढणारा. कलकत्त्याच्या टांकसाळीचा ॲसे मास्टर होता जेम्स प्रिन्सेप, तोच ज्याने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी वाचली आणि अशोकाचे शिलालेख बोलायला लागले. दिवसभर नाण्यातली चांदी किती ते बघायचं आणि रात्री जुन्या नाण्यावरची अक्षरं. माझ्या अक्षराचा एक चंद्र हरवला त्यावरून मी एवढी हैराण, त्याच्याकडे तर अख्खी लिपी हरवलेली होती.

बरं. तर परत फॅक्टरीकडे.

काकांकडून आल्यावर मला एक युक्ती सुचली आणि मी भलती खूश झाले. शब्दापुढे "किती" लावून बघायचं. चाचणी किती आली? असं कोणी बोलत नाही, चाचणी पास होते नाहीतर नापास होते. विश्लेषण किती आलं? नाही. टंच किती आला? हो. कस किती लागला? हो. ॲसे किती आला? हो. म्हणजे जो शब्द "किती" पचवतो तोच ॲसेच्या जागी बसणार. मी ही थिअरी मोठ्या रुबाबात क्यूए मॅडमना मेसेज केली.

त्यांचं उत्तर आलं, एकच शब्द. "एलायझा?"

एलायझामधला शेवटचा ए म्हणजे ॲसे आहे. एन्झाइम लिंक्ड इम्युनोसॉर्बंट ॲसे. १९७१ मध्ये स्वीडनमध्ये निघालेली पद्धत, आपल्याकडे एचआयव्हीच्या तपासणीमुळे घराघरात माहीत झालेली, आणि तिचा रिपोर्ट येतो रिॲक्टिव्ह किंवा नॉन-रिॲक्टिव्ह. तिथे कोणी विचारत नाही किती. म्हणजे जीवशास्त्रवाल्यांनी ॲसे हा शब्द अख्ख्या पद्धतीलाच देऊन टाकलाय, ॲसे लावला, ॲसे डेव्हलप केला, त्यातून आकडा निघो की हो-नाही निघो. माझ्या थिअरीचा फुगा अर्ध्या दिवसात फुटला. (मॅडम म्हणाल्या एलायझाने आकडाही काढता येतो, सगळंच फुटलं असं नाही. पण ते मन राखायला.)

त्यांनीच मग एक उदाहरण दिलं ज्याने "प्रमाण" हा माझा राखीव शब्द पण गेला. सर्पदंशाची लस, म्हणजे प्रतिविष. आपल्याकडे परळला हाफकिनमध्ये बनायचं ते लहानपणापासून ऐकतोय. त्याच्या बाटलीवर काय लिहिलेलं असतं, तर एक मिलीलिटर औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, घोणसाचं ०.६, मण्यारचं ०.४५, फुरशाचं ०.४५. इथे औषधात अमुक द्रव्य किती ग्रॅम हे कोणी सांगत नाही. ते विषाच्या विरुद्ध किती काम करतं हे सांगतात, आणि ते काढतात उंदरांवर बायोॲसे करून. इथे "प्रमाण" म्हणून काय लिहिणार, कशाचं प्रमाण? इथे ते आहे औषधाचा जोर, दम.

आणि जोर, दम, सत्त्व ह्या सगळ्याला मराठीत जो एक शब्द चालतो तो परत कसच.

माझं मत तेव्हाच पक्कं झालं होतं आणि अजून तेच आहे. सोन्यात किती सोनं, पावडरमध्ये किती औषध, लसीत किती जोर, तिन्ही ठिकाणी न अडखळता बसणारा मराठी शब्द एकच आहे, कस. फक्त आपण त्याला रूपक करून इतका झिजवला की खऱ्या कामाला बोलावलं की तो बिचारा क्रिकेटच्या मैदानातून येतो. "औषधाचा कस लागला" म्हटलं की वाटतं औषधावर फार कठीण प्रसंग गुदरला.

अंधेरीच्या ऑफिसात मीटिंग झाली. क्यूए मॅडम, ट्रेनिंगचे सर, मी, आणि मी हट्टाने सांगितलं म्हणून तो मुलगा पण आला, फॅक्टरीतून कंपनीच्या गाडीने, नवा शर्ट घालून. मी माझी यादी वाचली. टंच शब्दावर तो फिसकन हसला आणि मग लाल झाला, कारण बाजाराच्या बाहेर टंच हा शब्द पोरं कशाला वापरतात ते सगळ्यांनाच माहिती. टंच बाद. तीस पोरांच्या वर्गात "टंच किती" म्हणून बघा, ट्रेनिंग तिथेच संपलं.

मग मी म्हटलं, कस. ट्रेनिंगचे सर म्हणाले की कोणाला कळणार, जुना शब्द आहे. मी मुलाकडे बघितलं.

तो म्हणाला, "कस म्हणजे जमिनीचा ना, मॅडम?"

म्हटलं हो, सांग काय असतो.

"म्हणजे बघा, दोन शेतं सारखीच दिसतात. माती काळीच. पण एकात भात येतो आणि एकात नाय येत. मग म्हणतात तिच्यात कस नाय. आमच्या आज्याच्या शेतात खत जास्त घालायला लागतं, कस कमी आहे म्हणून." आणि थोडं थांबून, "म्हणजे हे पण तेच ना. कस कमी तर पावडर जास्त घालायची."

क्यूए मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, ताई, चौदा वर्षं भाषांतर करतेस.

तरी कस पूर्ण पास झाला नाही, हे पण लिहिलं पाहिजे. अडचण अशी की प्रमाणपत्र इंग्रजीत येणार, वजनाच्या खोलीतल्या लेबलवर ॲसे असणार, ऑडिटला येणारा माणूस ऑपरेटरला "ॲसे कुठाय दाखव" म्हणून विचारणार. तिथे पुस्तिकेत एकटा कस लिहून ठेवला तर त्या मुलाचीच पंचाईत. मला हे आधी पटत नव्हतं, मी जरा तावातावाने बोलले पण, की दर वेळी ऑडिटरसाठीच का लिहायचं. पण गोष्ट खरी आहे. ज्या शब्दाने त्याला कागदावर ओळ सापडणार आहे तो शब्द त्याच्यापासून लपवून काय उपयोग.

शेवटी ठरलं ते असं. पहिल्यांदा शब्द येतो तिथे एक चौकट: "ॲसे म्हणजे मालाचा कस. ह्या लॉटमध्ये खरे औषध किती टक्के भरते तो आकडा. जमिनीचा कस कमी असेल तर खत जास्त लागते, तसे ॲसे कमी असेल तर पावडर जास्त घ्यावी लागते." पुढे सगळीकडे ॲसे. सूत्राखाली पन्नास किलोचं गणित सोडवून. पाण्याचं वाक्य आणि ॲसेचं वाक्य दोन वेगळ्या पायऱ्यांवर, म्हणजे एक दुसऱ्याला चिकटायलाच नको. आणि मी एक नियम स्वतःलाच घातला की ती चौकट सोडली तर ॲसेने वाक्य सुरू करायचं नाही, "लॉटचा ॲसे" असं लिहायचं. उद्या परत कुठल्या फॉन्टने चंद्र खाल्ला तर "लॉटचा असे" दिसेल, आणि ते कोणालाही खटकेल. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची दुरुस्ती ही आहे, पण मीटिंगच्या मिनिट्समध्ये ती आलीच नाही.

छपाईवाल्याने फॉन्ट बदलला, थोडी कुरकुर करून.

मला जुन्या पुस्तिकेची एक प्रत ठेवायची होती, आठवण म्हणून. मिळाली नाही. मॅडम म्हणाल्या कंट्रोल्ड कॉपी आहे, सगळ्या परत घेऊन श्रेडरमध्ये घातल्या, मोजून, सही करून. माझ्याकडे त्या मुलाच्या प्रतीचा एक फोटो तेवढा आहे, ट्रेनिंगच्या सरांनी पहिल्या दिवशी पाठवलेला. पान सतरा, चौकट, "लागणारे वजन × १०० ÷ असे". आणि त्या असेच्या शेजारी पेन्सिलने, बारीक अक्षरात, त्याने लिहिलंय: कसे?